डावीकडे वळलेला बूट

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. डर्बनमधल्या एका घरात कपाटावर, उजव्या भावाशेजारी माझी बैठक आहे. बैठक म्हणायची एवढंच; मला मुळी बसवतच नाही. खालून कुणी पळत गेलं की माझा जीव खाली-वर होतो. उजवा भाऊ मात्र ढाराढूर झोपतो. त्याच्या माथी काही दोष नाही ना!

मित्रांनो, मला पेरुमल मोच्याने शिवलं. कॅनव्हासचं अंग, मोटारीच्या जुन्या टायरचा तळ. गिऱ्हाईक होता झ्वेली ङ्कोबो, गोदीत साखरेची पोती वाहणारा. मला पायात घालून तो म्हणाला, "काका, पळायला जड आहेत हे."

"आणि पोती काय हलकी असतात? पळ मुकाट्याने!" पेरुमल म्हणाला.

डर्बनपासून वर डोंगरातल्या शहरापर्यंत नव्वद किलोमीटरची शर्यत दर वर्षी थंडीत होई. पहाटे निघायचं आणि अकरा तासांत मैदानातली रेघ गाठायची. अकरा तास भरले की एक गृहस्थ धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवी. कोण येतंय ते दिसलं तर बोट अडखळेल, म्हणून पाठ. त्या आवाजाआधी पोचेल त्याला पदक. मागाहून आलेल्याला काही नाही.

आमच्या सरकारने माणसं कातडीवरून वेगळी काढली होती, म्हणून जगात कुणी आमच्याशी खेळायला तयार नव्हतं. परदेशी संघ येत नसत, आमचे जात नसत. मग सगळा देश या एका रस्त्यावर लोटे. दुतर्फा माणसं, मांस भाजल्याचा धूर, संत्र्याच्या फोडी पुढे करणारे हात! जुनी मंडळी अजून त्या दिवसांची आठवण काढून डोळे पुसतात. गर्दी मलाही आवडायची, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं ऐकताना मी अस्वस्थ होतो. कारण शर्यतीचा क्रमांक तेव्हा फक्त गोऱ्यांच्या छातीवर लागत असे.

झ्वेली बिनक्रमांकाचा पळे. एकदा पेरुमलने वर्तमानपत्र आपटलं. "जगाने दार लावलं म्हणून यांचे वेगवान गडी रडतायत. आणि यांनी आपल्याला दार लावलंय, त्याचं काय रे?"

"रडायला दम लागतो, काका. मला तो चढणीला हवाय," झ्वेली म्हणाला.

तीन वर्षं आम्ही अख्खी शर्यत पळालो. मैदानाच्या फाटकाशी दोर धरलेला माणूस बिनक्रमांकवाल्यांना डावीकडच्या बोळात वळवी. बोळाच्या टोकाला पाण्याचा नळ होता. झ्वेली त्याला हात लावी, वाकून पाणी पिई आणि पेरुमल घड्याळात बघून वेळ सांगे. झाली आमची शर्यत! तिन्ही वर्षं अकरा तासांच्या आत. पदक नाही, टाळी नाही. घरी थोकोझिले, म्हणजे झ्वेलीची बायको, फुटू, म्हणजे मक्याच्या पिठाचा मोकळा सांजा, आणि आंबट दूध पुढे ठेवून म्हणे, "जिंकलात का नळ?"

चौथ्या वर्षी नियम बदलला. झ्वेलीला क्रमांक मिळाला. थोकोझिलेने तो चार टाके जास्त घालून बनियनला शिवला आणि पहिल्यांदाच बसने वर आली. पेरुमल आत रेघेपाशी उभा राहिला, ती फाटकाशी.

त्या दिवशी झ्वेलीच्या पोटात कळा येत होत्या. शेवटची टेकडी त्याने अर्धी चालत काढली. तरी फाटक दिसलं तेव्हा सात मिनिटं हातात होती. मैदानाची एक फेरी, बस्स! दोर नव्हता. अडवणारा माणूसही नव्हता.

आणि मी डावीकडे वळलो.

होय मित्रांनो, मीच! झ्वेलीचं डोकं केव्हाच झोपलं होतं; त्याला पायच नेत होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आम्ही बोळात शिरलो. त्याने नळाला हात लावला, पाणी प्यायला आणि वेळ सांगायला पेरुमल येईल म्हणून कठड्यावर बसला. चेहऱ्यावर समाधान होतं. ते आठवलं की अजून माझा तळ पोळतो.

थोकोझिले गर्दीतून वाट काढत, ओरडत आली. "अहो, तिकडं कुठं? आत! आज आत यायचंय!"

तो उठला. पाय काठीसारखे ताठले होते. आम्ही फाटकातून आत शिरलो, गवतावरून ओढत, फरफटत निघालो. लोक उभे राहून ओरडू लागले. रेघ वीस पावलांवर आली आणि बंदूक उडाली.

"अहो साहेब, वळून बघा तरी!" पेरुमल किंचाळला. त्या गृहस्थाने वळून पाहिलं आणि टोपी काढली. पण नियम तो नियम. झ्वेली उरलेली वीस पावलं चालला.

"नळावर काय तुझी सासू बसली होती?" पेरुमल रडतच ओरडला.

"पाय गेले, काका," झ्वेली एवढंच म्हणाला.

पुढच्या वर्षी थोकोझिलेने मला धुऊन उन्हात वाळवलं. झ्वेलीने मला हातात घेतलं, तळ चाचपला आणि परत ठेवलं. "हे नकोत. यांना बाहेरची वाट पाठ झालीय." तो नव्या बुटांत गेला आणि दहा तास चाळीस मिनिटांत पदक घेऊन आला. घरात नाच झाला. मी कपाटावरून बघत होतो. आनंद झाला मला, आणि लाजही वाटली.

मित्रांनो, बुटांची काळजी घ्या. माती झाडा, ओले असतील तर कागद भरून ठेवा. पण त्याहून मोठी विनवणी वेगळी आहे. कुणालाही दाराबाहेर इतकी वर्षं उभं करू नका, की बाहेरच त्याला पोचल्यासारखं वाटेल. दार एका दिवसात उघडतं. पायांना ते समजायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बंदूक थांबत नाही.