घागरीवर अडकलेले आत्मे

त्या संध्याकाळी डेल्फिनच्या वाडीत अख्खं राजोडी गाव लोटलं होतं आणि प्रत्येकाची मान वर होती. वर काहीच नव्हतं. जे होतं ते मोबाइलमध्ये होतं. पण आत्मे म्हटले की मान वर करून बघायची, ही आपली जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी डेल्फिनच्या मुलीचं, एलिसाचं लग्न. लग्नाला दोन दिवस असताना फोटोग्राफर वेदांतने दिवेलागणीनंतर वाडीवर ड्रोन उडवून मांडवाची रोषणाई टिपली होती. त्या व्हिडिओत विहिरीभोवती ताटाएवढे पिवळे गोळे तरंगत होते. प्रत्येक गोळ्यात एक काळा डोळा. न्याहारीच्या आत व्हिडिओ अर्नाळ्यापर्यंत पोचला आणि दुपारच्या जेवणाला ऊर्जागुरू प्रभंजनजी इथे पोचले. पांढरा झब्बा, जाड भिंगांचा चष्मा, काखेत तांब्याचा पिरॅमिड.

"दर्यात बुडालेले आत्मे आहेत हे," जेवण झाल्यावर गुरुजी म्हणाले. "खारं पाणी पिऊन कंटाळले. गोड्या पाण्यावर आलेत. विहीर व्हायब्रेट होतेय! आजच बुजवा, वर हा पिरॅमिड बसवा. उद्यावर ढकललंत तर माझी जबाबदारी नाही."

आजची जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

फाटकात डेब्रिजने भरलेला डंपर उभा होता, इंजिन चालूच. ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न मारून आपली घाई कळवत होता. ही विहीर म्हणजे डेल्फिनची केळी, पानवेली आणि शेजारपाजारची तहान. शिवाय लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत इथूनच नवरीच्या आंघोळीचं पाणी घागरीतून न्यायचं. त्यासाठी बँडवाले आले होते. लग्नाचं वाजवायचं की मयताचं, हे त्यांना कोणी सांगेना. क्लॅरिनेटवाला एखादा सूर काढून लोकांचे चेहरे बघत होता.

"डेल्फिन, या वेहिरीचा पानी अंगावर घेतलेली सून मी घरात घेनार नाय," ज्युली म्हणाली. ज्युली म्हणजे नवऱ्यामुलाची, क्लिफर्डची आई. "बुजव. नायतर लगीन पुढे."

"बुजवते गो बाय, बुजवते." डेल्फिनने डोळ्याला पदर लावला आणि डंपरला आत येण्याची खूण केली. मुलीचं लग्न की विहीर, असा सवाल पडला की आई काय बुजवील, हे ओळखायला ऊर्जागुरू लागत नाही.

डंपर आत सरकला. तेवढ्यात घरातून एलिसा आली. हातभर चुडा भरलेला, चेहरा मात्र दवाखान्यातला. ती माणिकपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते.

"आये, डंपर थांबव. ज्युलीआंटी, चष्मा काढा."

"का गो?"

"काढा तर खरं. आता विहिरीकडे बघा."

"देवा जेजू! आले! गोळे आले!"

"घाला चष्मा."

"गेले!"

"काढा परत."

"परत आले गो! माझ्याच मागे लागलेत काय?"

पुढची पाच-दहा मिनिटं राजोडी नुसतं चष्मे काढत होतं आणि घालत होतं. ज्यांना चष्मा नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा लावला. त्यांनाही आत्मे दिसले. कोणीही उपाशी राहिलं नाही.

गुरुजी हसले. "हे स्थूल गोळे. ड्रोनने पकडले ते सूक्ष्म. त्यांना डोळा आहे, डोळा!"

एलिसाने वेदांतकडे बघितलं. "सगळ्यात आधी काय शूट केलंस?"

"घागर. काकू म्हणाल्या, शकुनाची घागर पहिली. म्हणून ड्रोन समोर धरून क्लोजअप घेतला."

"बरोबरच आहे," डेल्फिन म्हणाली. "घागर पहिली."

"आणि फोकस?"

"तिथेच लॉक केला. रात्री ऑटोवर ठेवला की अंधारात चाचपडत बसतो, ताई. पकडतो, सोडतो..." वेदांत बोलता बोलता थांबला. मग कपाळावर हात मारला. "आणि तसाच वर उडवला!"

"म्हणजे ड्रोन गेला आभाळात आणि नजर राहिली हातभर अंतरावरच्या घागरीवर. लांबचा एकेक बल्ब फुगून ताट झाला." मग तिने मोबाइल सगळ्यांसमोर धरला. "आता डोळा. बघा, प्रत्येक गोळ्यात वर डावीकडे, एकाच जागी. इतकी माणसं वेगवेगळ्या साली बुडाली आणि सगळ्यांचा नेमका डावाच शाबूत राहिला?"

लोकांत खसखस पिकली. एलिसाने ड्रोनची काच चष्मा पुसायच्या फडक्याने पुसली. फडक्यावर खाऱ्या हवेचा चिकट डाग आला. काचेवरचा हाच डाग प्रत्येक गोळ्यात डोळा होऊन बसला होता.

"आता उडव. फोकस लांबच्या दिव्यावर धर, चर्चच्या क्रूसावरच्या. स्पष्ट दिसला की लॉक कर आणि मग विहिरीवर ये."

"पन पहिली घागर..."

"आये, घागर मी मोबाइलवर काढते!"

ड्रोन वर गेला. लोक वेदांतच्या पडद्यावर तुटून पडले. विहीर लख्ख दिसली. कठड्याला गुंडाळलेली बल्बची माळ, रहाटाचा दोर, दगडावर विसरलेला तांब्या, सगळं रेखीव. डोळा नाही, गोळा नाही. एलिसाने माळेचा स्विच बंद केला. सगळे आत्मे एका क्षणात मुक्त झाले. चालू केला, बिचारे परत आले, पण आता बल्बाएवढेच.

पडद्याच्या कडेला मात्र एक आत्मा फारच स्पष्ट दिसला. पांढऱ्या झब्ब्यातला, स्कूटरवर, पायांत पिरॅमिड धरून विरारच्या दिशेने निघालेला.

डंपर कुरकुरत मागे गेला. डेल्फिन घागर घेऊन पुढे झाली, पण दोर धरला ज्युलीने. घागर भरून वर आली तशी बँडवाल्यांनी एकदाचं ठरवलं आणि लग्नाचं वाजवलं.

माणसाला अचंबा वाटावा, त्यात पाप नाही. आत्मा असतो की नसतो, हा वादही हवा तर जेवणानंतर घालू. पण त्याआधी काच पुसा, फोकस तपासा, दिवा बंद करून बघा. आणि कोणी आजच्या आज, विचार न करता काही बुजवायला सांगितलं, तर त्याला उद्या यायला सांगा. खरं असेल ते उद्याही तिथेच असेल.

घागर डोक्यावर घेतलेली ज्युली एलिसापाशी थांबली. "गोळे लयच मोठे दिसले गो. माझा नंबर वाढला काय?"

"लग्न होऊ द्या आंटी. मग तपासते."

"आंटी काय? आता आई म्हन," ज्युली म्हणाली आणि चष्मा नीट बसवून विहिरीच्या ओट्याच्या पायऱ्या उतरली.