नावं माझ्या पोटात, मापं आभाळात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खोटं मी बोलत नाही. थोडं फुगवून सांगतो, इतकंच.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सुगंधाताईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथे मी अकरा वर्षं चाकरी केली. मला जागं व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात ताईंची दोन ब्लाउजांची हुकं लावून व्हायची. माझा पंखा असा घुमायचा की समोरचा रसवाला आपला चरक थांबवून बघायला यायचा. पण दोन हजार बायकांची मापं मला तोंडपाठ होती. "माझी सगळी अक्कल ह्या डब्यात आसा," असं ताई गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि माझा पत्रा अभिमानाने तापायचा.

मग त्यांची लेक तेजल क्लाउडचं खूळ घेऊन आली.

"आई, हा डबा कधीही मान टाकेल. मापं क्लाउडवर ठेवूया. म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांत. इंटरनेटवरून कुठूनही उघडायची."

"बायका दार लावून माप देतत माका. ता परक्याच्या कपाटात ठेवू?"

"कुलूप असतं गं त्याला!"

शेवटी तोड निघाली. वर फक्त मापं जातील, प्रत्येकीला एक नंबर. कुठला नंबर कोणाचा, ती यादी माझ्याच पोटात राहील. मी मनात म्हटलं, बघा, अजून मानकरी मीच!

दसरा आला. कात्रीला, शिलाई मशीनला, मला हळदकुंकू लागलं. नारळाचं पाणी ताई दर वर्षी थेंबभर शिंपडायच्या; यंदा भक्तीच्या भरात हात सैल सुटला. माझ्या पोटात चर्र झालं आणि डोळ्यांपुढे अंधार.

दुरुस्तीवाला यज्ञेश म्हणाला, "ताई, डिस्क गेली. यातलं काही मला वाचता येणार नाही. खोटं कशाला बोलू?"

ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मनालीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. ही गिऱ्हाईक पोरगी मालवाहू जहाजावर नोकरीला, म्हणून मुहूर्त सोडून सुट्टीप्रमाणे तारीख धरलेली. माप देऊन गेली होती, ती लग्नाच्या आदल्या दिवशी उतरणार. भरसमुद्रात फोन लागेना. आठ ब्लाउजांचं रेशीम समोर पडलं होतं, एकदा चुकीचं कापलं की गेलंच. माप वर होतं, पण दोन हजारांतलं कुठलं?

तेजलने फोनवर मापं उघडली आणि वाचायला लागली. सातव्या नंबरला ताईंनी डोळे मिटले.

"बाही साडेनऊ? शकुमावशी ती. हातावरचो भाजल्याचो डाग झाकायची. गेली बिचारी."

"काढून टाकू?"

"ऱ्हवूंदे."

दुपार सरली. एकेक नाव परत येत होतं. तेजलचा घसा बसला.

"तीनशे बारा. खांदा साडेतेरा, डावा पाव इंच खाली..."

"हीच मनाली! दहावीपर्यंत दप्तर एकाच खांद्यार अडकवायची. कितीदा वरडलंय तिका! आण कात्री."

मित्रांनो, माझा मानकरीपणा तिथेच उतरला. अकरा वर्षं मी नुसते आकडे धरून होतो. माणसं ताईंनी धरली होती.

आठही ब्लाउज बसले. "झकास मावशी!" म्हणत मनालीने ताईंना मिठी मारली. आता नावंही वर गेली आहेत. पासवर्ड मायलेकी दोघींनाच ठाऊक. शिवाय एक प्रत घरच्या कपाटात.

मला न्यायला भंगारवाला आला, तेव्हा ताई आडव्या आल्या. "आधी डिस्क काढून फोड."

"आई, ती मेलीय गं!"

"यज्ञेशाक वाचूक येना नाय, म्हणान दुसऱ्याक येवचा नाय?"

म्हणून सांगतो मित्रांनो, जपायची गोष्ट एकाच जागी ठेवू नका. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना निरोप देताना आधी आमचं पोट रिकामं करा. तिथे तुमच्या भरवशावर आलेली माणसं असतात.

हातोडीचे तीन घाव बसले आणि मी सगळं विसरलो. मग ही हकिकत कशी सांगितली म्हणता? अहो, पत्र्यालाही थोडं चिकटून राहतंच. हात लावून बघा, नारळाचं पाणी अजून चिकट लागतंय.