माझ्या कमानीवरची काच

मित्रांनो, संभाजीनगरच्या उत्तरेला, जिथे डोंगर शहराला टेकतो, तिथे मी उभा आहे. मी महाल आहे. एके काळी राजघराण्याचा होतो, आता जो भाड्याने घेईल त्याचा. या शहराची राज्ये बदलली, नावे बदलली. मी जागा सोडली नाही. थकलो मात्र आहे.

मला काळ्या दगडात आणि विटांत बांधले. माझा चुना कित्येक महिने भिजवला, मग दगडी चाकाखाली दळला. त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाचे पाणी मिसळले. असा चुना श्वास घेतो. पावसाळ्यात ओल आत घेतो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून माझ्या कारंज्यापर्यंत येत असे. माझ्या घुमटाखाली लोक हळू बोलत, कारण तिथे कुजबूजही दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. मला वाटे, माझा मान राखतात.

पुढे राजघराणे गेले. माझ्यात धान्य साठवले, मग एक कचेरी भरली, मग नुसते पारवे राहिले. आणि एके दिवशी कॅमेरा आला.

सुरुवातीला मला बरे वाटले. दिव्यांनी अंगण उजळले, माणसांचा आवाज परत आला. मी दिल्ली झालो, लखनौ झालो, राजस्थानातली हवेली झालो. एका भुताच्या मालिकेसाठी माझ्या झाडलेल्या खोल्यांत गोंदाची कोळिष्टके फवारली. सगळ्यांनी मला पाहिले, पण कोणी ओळखले नाही. माझा चौकीदार धोंडिबा रोज फुलंब्रीहून बसने येतो. तो घरी टीव्हीसमोर म्हणाला होता, "ह्यो आपला महाल!" त्याची बायको म्हणाली, "गप बसा. खाली राजस्थान लिवलंय." हे त्यानेच पारव्यांना दाणे टाकताना मला ऐकवले.

प्रत्येक शूटिंगला माझ्या भिंतींना नवा तैलरंग लागला. तैलरंगातून ओल बाहेर पडत नाही. ती आत अडकली, चुन्यातले क्षार फुगले आणि माझ्या मोठ्या कमानीला तडा गेला. तडा बारीक होता. तो वाढतो की थांबला आहे, एवढाच प्रश्न होता.

ते पाहायला अमृता आली. जुन्या वास्तू टिकवण्याचे काम करणारी ही अभियंता. तिने तड्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी बसवली आणि तिची दोन्ही टोके भिंतीला पक्की केली. काच ताणली जात नाही. तडा केसाएवढा जरी रुंदावला, तरी ती फुटते. अमृता धोंडिबाला म्हणाली, "काका, ही शाबूत आहे तोवर काळजी नाही."

हिवाळ्यात ती फुटली. पहाटे, आपोआप. कोणी शेजारी नव्हते.

त्या आठवड्यात एका जाहिरातीचे काम चालू होते. रंगकामाचा मुख्य होता बन्सी. पूर्वी तो वाळूजच्या कारखान्यात रंगकाम करी. कामाला नीटनेटका माणूस. सेटवरच्या लोकांचा एक नियम असतो: जागा जशी मिळाली, तशीच परत द्यायची. धोंडिबाची बस यायच्या आधीच बन्सीला फुटकी काच दिसली. त्याला वाटले, आपल्याच पोरांची शिडी लागली. त्याने तुकडे उचलले, त्याच मापाची नवी काच कापून आणली आणि हुबेहूब बसवली. मित्रांनो, त्याच्या मनात काहीच वाईट नव्हते.

उन्हाळ्यात मोठा चित्रपट आला. कमानीवरच्या गच्चीत चाळीस मुली नाचणार, खाली ढोल वाजणार. परवानगी देण्याआधी अमृता येऊन काच पाहून गेली. काच शाबूत होती आणि तडा ताज्या तैलरंगाखाली झाकला होता. तिने होकार दिला.

तो भार मला पेलणार नाही, हे मला कळत होते. पण मी कोणाला सांगणार?

त्या दिवशी मुली घुंगरू बांधून जिना चढू लागल्या. त्यांत बन्सीची मुलगी तनुजा होती. पहिल्यांदाच चित्रपटात दिसणार होती. बन्सी खाली अमृतासोबत चहा पीत उभा होता आणि मान वर करकरून मुलीकडे बघत होता. आनंदाच्या भरात तो म्हणाला, "मॅडम, सेटवाले नासधूस करतात म्हणता तुमी. मागच्या बारीला तुमची काच फुटली व्हती, ती बी मी नवी बसवली. सांगा, वळखू येती का?"

"कुठली काच?"

"ही काय, कमानीवरची. आमच्या पोरांची शिडी लागली आसंल."

"शिडी लागताना पाहिलंत तुम्ही?"

"नाय. सकाळी आलो तवा फुटलेलीच व्हती."

अमृताचा चहा सांडला. ती पळत अंगणाच्या मध्यभागी गेली. "मुलींना खाली घ्या! एकेक करून, मागच्या जिन्यानं!"

दिग्दर्शक वैतागला. "मॅडम, परमिशन आपने ही दी है!"

"दिली होती. चुकले. आता परत घेते."

तो हुज्जत घालू लागला, तेव्हा धोंडिबा काठी आपटत पुढे आला. "सायेब, ह्यो खरा महाल हाय, पिच्चरमधला नाय. पडला तर दुसरा टेक नाय!"

मुली उतरल्या. शेवटची उतरत असताना माझ्या कमानीतून चुना भुरभुरला. मग कोणी वाद घातला नाही.

तनुजा बापाजवळ येऊन म्हणाली, "पप्पा, गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" बन्सी खाली वाकून तिचे घुंगरू सोडू लागला.

चित्रपटवाल्यांनी चिकलठाण्याच्या एका गोदामात माझ्या कमानीची प्लायवुडची नक्कल उभारली. नाचायला मुंबईहून मुली आल्या. तनुजाची संधी गेली ती गेलीच.

माझ्या कमानीखाली आता लाकडी टेकू आहेत. अमृताने तैलरंग खरवडून काढला आहे. लोक येतात, "बघण्यासारखं काही नाही," म्हणून फोटो न काढताच जातात. परवा मात्र बन्सी तनुजाला घेऊन आला. ती कमानीखाली गेली. मग टेकूजवळच्या पायरीवर चढून तिने उघड्या पडलेल्या तड्यात बोटे घातली. बोटे दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

"एवढी फट?" ती म्हणाली.

"व्हय," बन्सी म्हणाला. तिने बापाचा हात धरला.

मित्रांनो, मला चकचकीत करू नका. माझे दुखणे दिसू द्या. माझ्या तड्यावर काच फुटलेली दिसली, तर तुकडे उचलू नका, नवी बसवू नका. आधी कोणाला तरी हाक मारा. मला तोंड नाही. फुटलेली काच, माझे बोलणे तेवढेच आहे.