लाल फुली मारलेला पंप

मित्रांनो, माझ्या अंगावर तेलरंगाची एक लाल फुली आहे. वहीतल्या चुकलेल्या उत्तरावर गुरुजी मारतात ना, तशीच. तुमच्या फुलीने फार तर एक गुण जातो. माझ्या फुलीने एक माणूस गेला, आणि एक मुलगी जाता जाता राहिली. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सुस्कारे टाकतात असे तुम्ही वाचले असेल. मी टाकणार नाही. मी रागावलो आहे, आणि का रागावलो आहे ते तुम्हाला नीट समजावून सांगणार आहे.

मी पायाने दाबायचा पंप आहे. सायकलचा पंप तुम्ही पाहिलाच असेल. तो हवा बाहेर ढकलतो, मी उलटे काम करतो. मी ओढतो. माझ्या पोटात चामड्याची एक वाटी आहे. वरच्या पायट्यावर पाय पडला आणि उठला, की ती वाटी वरखाली होते आणि रबरी नळीतून जे असेल ते काचेच्या बरणीत ओढून घेते. रक्त, पू, उलटी, घशात अडकलेला चिकटा. नाक मुरडू नका. शस्त्रक्रिया चालू असताना ही घाण ओढून काढली नाही, तर डॉक्टरला काही दिसत नाही आणि रोग्याला श्वास घेता येत नाही. हे काम गलिच्छ आहे आणि त्यावाचून माणूस मरतो, एवढे लक्षात ठेवा.

मलावीतल्या मोठ्या सरोवराकाठी, टेकडीवर, पत्र्याच्या छपराचे एक इस्पितळ आहे. चोवीस वर्षांपूर्वी मी तिथे लॉरीतून उतरलो, त्याच आठवड्यात न्यालुहांगा तिथे कामाला लागली. शस्त्रक्रियेची खोली धुणे, हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घालणे आणि मला दाबणे ही तिची कामे. कसलेली कोळीण जाळे ओढते तशी ती मला दाबायची, एका लयीत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा घसा साफ करायचा असला की तिचा पाय इतका हलका व्हायचा, की पायट्यावर मांजर बसले आहे असे मला वाटे. ते बाळ रडले की ती म्हणायची, "रड, रड. आता तुझी पाळी, माझा पंप गप्प बसतो."

दर शनिवारी ती मला तेल पाजायची. चामडे सुकले की आक्रसते, मग हवा निसटते, आणि ओढ राहत नाही. इस्पितळाकडून तेल कधी आले नाही. ती घरच्या भुईमुगाच्या तेलातून दोन चमचे बाजूला काढायची. नवरा विचारायचा, "भाजीत तेल का कमी?" ती सांगायची, "माझा थोरला पिऊन गेला." थोरला म्हणजे मी.

शस्त्रक्रिया करायचे हारावा. ते पुरते डॉक्टरही नव्हते. तीन वर्षांचे शिक्षण घेऊन डॉक्टरच्या जागी काम करणारे आरोग्य अधिकारी होते. पण अडलेली बाळंतपणे, अडकलेले हर्निया, मोडलेली हाडे, फुटलेली आतडी, सगळे त्यांच्याच टेबलावर यायचे, कारण पुढचे मोठे इस्पितळ पाच तासांवर होते आणि रुग्णवाहिका बहुधा डिझेलविना उभी असायची. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. मीही म्हणतो. पदवी नसलेल्या त्या हातांनी किती माणसे वाचवली ते मी पाहिले आहे.

मग एक दिवस नवे यंत्र आले. विजेवर चालणारे, पांढरेशुभ्र, चाकांचे. मोठा समारंभ झाला. बायका नाचल्या, पाहुण्यांनी फीत कापली, भाषणे झाली. एक पाहुणे म्हणाले, आज या इस्पितळाने जुन्या युगाला निरोप दिला. त्यांचा भोंगा जनरेटरवर चालला होता. संध्याकाळी जनरेटरमध्ये डिझेलचा थेंब नव्हता. ते कोणाच्या भाषणात आले नाही.

जुने युग म्हणजे मी. नियम असा, की एक वस्तू नोंदीत आली, की त्याच कामाची जुनी वस्तू नोंदीतून जायला हवी. कोठार सांभाळणारा गोंद्वे रंगाचा डबा घेऊन आला आणि त्याने माझ्यावर फुली मारली.

न्यालुहांगा म्हणाली, "अरे, चालतोय की तो!"

"चालत असेल, ताई. पण कागदावर बंद आहे. जिल्ह्याची समिती येईल, बघेल, मग मोडीत काढेल. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"समिती कधी येणार?"

"येईल की."

मित्रांनो, समिती दोन वर्षे आली नाही. मी भंगारखोलीत होतो. कुलूप बाहेरून, किल्ली गोंद्वेच्या कमरेला. शस्त्रक्रियेची खोली तिथून दहा पावलांवर. मला तिथले सगळे ऐकू यायचे. नव्या यंत्राची घरघर ऐकू यायची, आणि वीज गेली की ती थांबायची, तेही ऐकू यायचे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. वीज असली की ते मन लावून काम करायचे. पण वीज दिवसाआड जायची, आणि माणसांची आतडी काही वीज बघून अडकत नाहीत.

पहिल्या वर्षी योतामू नावाचा कोळी आला. हर्नियात आतडे अडकून दोन दिवस झाले होते. भूल दिल्यावर त्याला उलटी झाली आणि नेमकी तेव्हा वीज गेली. न्यालुहांगा धावत गोंद्वेकडे आली. गोंद्वेने नियम सांगितला. तिने नियम ऐकला आणि ती परत गेली. योतामू टेबलावरच गुदमरून गेला. त्याचा भाऊ व्हरांड्यात म्हणाला, "देवाची मर्जी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, कुलूप देवाने लावले नव्हते! मी दाराआडून ओरडलो असतो, पण पंपाला पायाखेरीज आवाज नसतो.

पुढच्या वर्षी, एका दुपारी, तोवेरा आली. नऊ वर्षांची. तिची अगोगो, म्हणजे आजी, तिला होडीतून घेऊन आली होती. आठ दिवस विषमज्वर होता. गावच्या दवाखान्यात तापाच्या गोळ्यांखेरीज काही नव्हते, त्याच त्यांनी दिल्या. शेवटी तापाने आतड्याला भोक पाडले आणि पोट फळीसारखे कडक झाले. हारावांनी हात लावला आणि म्हणाले, "पाच तासांचा रस्ता ही पोर काढणार नाही. इथेच उघडू या."

पोट उघडले आणि वीज गेली.

खिडकीतून ऊन येत होते, उजेडाची अडचण नव्हती. पण पू इतका होता, की भोक कुठे आहे ते दिसेना. टिपायला कापडाच्या सहा घड्या होत्या. सहाही भिजल्या. भूल देणारे परिचारक, आमचे भाऊ, म्हणाले, "घशात खळखळतंय, साहेब. उलटी वर येतेय." त्यांनी तिचे डोके कुशीला वळवले आणि बोटाला कापड गुंडाळून घसा पुसू लागले. मग मला पावले ऐकू आली. ती चाल मी कशी विसरेन?

"गोंद्वे, भंगारखोलीची किल्ली दे."

"पुन्हा तेच? फुली मारलीय त्याला, ताई. जिल्ह्याचा कागद आण."

"कागद? आत पोरीचं पोट उघडं पडलंय. कागदानं पू टिपू?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? उद्या विचारतील तेव्हा तू येणार आहेस उत्तर द्यायला?"

"येईन की! बावीस वर्षं पंप दाबलेले पाय आहेत हे, जिल्ह्यापर्यंत सहज चालतील. योतामूच्या वेळी मी मागं फिरले. आज फिरणार नाही. किल्ली दे, नाहीतर मुसळ आणून दार फोडते."

"फोड. मग माझी नोकरीच जाईल. तेच हवंय ना तुला?"

गोंद्वे वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवे. त्याच्या आधीच्या माणसाची नोकरी एका हरवलेल्या गादीपायी गेली होती. माणूस मेला तर कोठारवाल्याला कोणी जाब विचारत नाही, गादी हरवली तर विचारतात. त्याला ज्याची भीती घातली होती, त्याला तो भीत होता. मला खरा राग आहे तो ही भीती घालणाऱ्यांचा.

ती दोघे भांडत असताना तिसरी पावले आली. हळू, अनवाणी. मग हाडे सिमेंटवर टेकल्याचा आवाज आला. आणि मग पोकळ तळहातांच्या टाळ्या. टप. टप. टप.

तोवेराची आजी गोंद्वेपुढे गुडघ्यांवर बसली होती.

मागताना असे गुडघे टेकून टाळ्या वाजवायची आमची रीत आहे. पण धाकट्याने थोरल्यापुढे टेकायचे असते. आजीने नातवाच्या वयाच्या माणसापुढे टेकले, तर त्या माणसाने तोंड कुठे लपवावे?

"अगोगो! हे काय करता! उठा, उठा ना, लोक बघतायत!"

"बघू देत. मला या नियमातलं काही कळत नाही. ज्याच्याकडे किल्ली, तो मोठा, एवढं कळलं. तुम्ही माझे बाप. अदादा, किल्ली द्या."

सत्तरीची बाई तिशीतल्या माणसाला अदादा, म्हणजे बाबा, म्हणत होती. टाळ्या थांबेनात. टप. टप. मग किल्ल्यांचा जुडगा खळखळला. कुलपाला किल्ली दोनदा चुकली. दार उघडले आणि दोन वर्षांनी मला ऊन दिसले.

मला वाटले, आता जिंकलो. न्यालुहांगाने नव्या यंत्राची स्वच्छ नळी काढून मला जोडली आणि पाय ठेवला. दाबला. माझ्यातून नुसता फुसका वारा निघाला. चामडे सुकून आक्रसले होते. मित्रांनो, दोन वर्षे मी ज्या क्षणाची वाट पाहिली, त्या क्षणी माझ्यात ओढ नव्हती. त्याहून मोठी लाज मला ठाऊक नाही.

"न्यालुहांगा, आज दाबणार की उद्या?" हारावांनी मान वर न करता विचारले.

"आजच, साहेब. ह्याला आधी पाजते." मग ती दाराकडे तोंड करून ओरडली, "तेल! कोणाकडे तेल आहे?"

आमच्या इस्पितळात रोग्याचे जेवण त्याच्या सोबतीच्या माणसानेच रांधायचे असते. म्हणून आजीच्या टोपलीत मक्याचे पीठ होते, मूठभर सुकी मासळी होती आणि ती तळायला एका औषधाच्या बाटलीत थोडे तेल होते. तिने बाटली दारातून आत दिली. न्यालुहांगाने माझे दोन पेच सोडले, चामड्याची वाटी बाहेर काढली आणि अंगठ्याने तेल चोळू लागली. चोळता चोळता मला शिव्या देत होती. "पी, थोरल्या, पी. दोन वर्षं आराम केलास, मेल्या. आता ओढ."

वाटी मऊ झाली. पेच बसले. पाय पडला. मी ओढले.

आधी घसा, मग दुसऱ्या नळीने पोट. बरणी भरली, ओतली, पुन्हा भरली. कोमट मिठाच्या पाण्याने पोट धुतले, तेही मी ओढले. शेवटी हारावांचा आवाज आला, "दिसलं. वाटाण्याएवढं आहे." त्यांनी ते भोक शिवले. किल्ली मागायला गेल्यापासून मला ओढ येईपर्यंत अकरा मिनिटे गेली होती. भूल देणाऱ्या भाऊंनी ती अकरा मिनिटे बोट आणि कापडाच्या जोरावर तोवेराचा श्वास राखला. योतामूला इतकी मिनिटे मिळाली नव्हती.

तोवेरा सहा आठवडे राहिली. जखम चिघळली, पुन्हा धुवावी लागली. ती काडीसारखी झाली. पण एके सकाळी ती आजीचा हात धरून माझ्यापाशी आली आणि पायट्यावर उभी राहिली. तिच्या वजनाने पायटा खालीसुद्धा गेला नाही. न्यालुहांगा हसली. "जा, मासळी खाऊन ये. मग दाब."

गोष्ट इथे संपली असती, तर माझा राग निवला असता.

पुढच्या महिन्यात समिती आली! एवढी वर्षे न आलेली समिती आली, कारण कोणीतरी कळवले होते, की फुलीची वस्तू बाहेर आहे. समितीच्या साहेबांनी मला पाहिले. तोवेराचे नाव कोणी विचारले नाही. योतामूचे तर नाहीच. साहेब म्हणाले, "ही वस्तू आत ठेवा."

न्यालुहांगाने माझ्या पायट्यावर पाय ठेवला.

"पाय उचला, बाई."

"उचलत नाही तो, साहेब. सवय लागलीय."

"हा नियम आहे."

"मग विजेलाही सांगा ना नियम. तिनं ऐकलं, की मी पाय उचलते."

हारावा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आणि दारात गोंद्वे होता. त्याने कमरेचा जुडगा सोडला, त्यातली भंगारखोलीची किल्ली काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "साहेब, ही तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "पण मग टेबलावर माणूस असेल तेव्हा तुम्ही इथं दहा पावलांवर हवे."

साहेबांनी किल्लीकडे पाहिले, आणि ती टेबलावर ठेवून ते निघून गेले. निर्णय पुढच्या बैठकीत होणार आहे म्हणे. तोवर मी शस्त्रक्रियेच्या खोलीत आहे, फुलीसकट. न्यालुहांगा या वर्षअखेरीस निवृत्त होते. आता दर शनिवारी गोंद्वे मला तेल पाजतो. त्याचा अंगठा अजून अडाणी आहे. शिकेल.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असे मी सांगितले, तर तुम्ही मान डोलवाल आणि विसराल. म्हणून एकच काम देतो. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, गावात एक तरी कुलूपबंद खोली असेल. आत आग विझवायचे नळकांडे असेल, औषधाचे कपाट असेल, दोर असेल, होडी असेल. आतली वस्तू चालते का, तिला शेवटचे तेल कधी दिले आणि किल्ली कोणाकडे आहे, हे आजच जाऊन विचारा. कोणी म्हणाले, "तुला काय करायचंय?" तर तिथून हलू नका. पुन्हा विचारा.

पोट उघडे पडल्यावर विचारायला अकरा मिनिटे सगळ्यांनाच मिळत नाहीत.