दांडा तुटलेली जाळी

मी एक जुनी पापडजाळी आहे. नीट पाहा मित्रांनो, मला दांडा नाही. हसलात ना? हसा खुशाल! पण आज अख्ख्या आसगावात माझ्याइतक्या तोऱ्यात कुणी नसेल. तो तोरा कशाचा, तेच सांगते.

माझा जन्म पवनीच्या आठवडी बाजारात झाला. एक म्हातारा कारागीर तरटावर बसून तारेत तार गुंफायचा. त्याने मला चौकोनी आकार दिला, कडेने जाड तार फिरवली आणि वीतभर लांब दांडा जोडला. कुंताबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. त्यांनी मला दोनदा वाकवून पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

मग काय विचारता! आमच्याकडे धानाची शेती, म्हणून पापडही तांदळाचे. निखाऱ्यावर मी ते असे फुलवायची की पाहुणे दुसरा मागून घ्यायचे. वांगी भाजली, भाकरी शेकल्या. उन्हाळ्यात तर माझ्याकडे आणखी एक काम असे. अंगणात खाटेवर पापड वाळत घातले की दुपारी वारा सुटायचा आणि पापड थेट शेजारच्या अंगणात! मग कुंताबाई मला त्यांच्यावर पालथी ठेवायच्या. ऊन लागायचं, हवा लागायची, पण पापड जागचा हलत नसे. हे काम लक्षात ठेवा बरं.

कुंताबाईंचे यजमान केशवराव. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा माकड पापड पळवायला आलं, तेव्हा त्यांच्या हाताशी नेमकी मीच होते. त्यांनी मला फेकून मारलं. माकड पापड घेऊन गेलं आणि मी विहिरीच्या काठावर आपटले. दांडा तुटला.

"जाऊ दे, आता हे का कामाची!" केशवराव म्हणाले.

झालं! मी गोठ्यातल्या भंगाराच्या पोत्यात जाऊन पडले. वर गंजका फाळ, खाली फुटकी बादली. किती वर्षं गेली, ते मी मोजलं नाही. वाईट मात्र फार वाटायचं.

मागच्या दिवाळीत केशवरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. तरी त्यांनी एकदा चोरून भजी खाल्ली आणि छातीत कळ येऊन पुन्हा दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून ते गोठ्यात येऊन बसत आणि बैलाला सांगत, "मी बी आता भंगारातलाच माल आहो गा." पोत्यातून मी ऐकायची. दांडा त्यांनीच तोडला होता, तरी जीव तुटायचा माझा.

त्यांची सून रीना हुशार पोरगी. तिने एअर फ्रायर आणला, म्हणजे गरम हवेवर पदार्थ कुरकुरीत करणारं यंत्र. कुंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या, "हवेत कुठं तळन होते का वो?"

मग महाशिवरात्र आली. आदल्या दिवशी केशवरावांनी ऐकवलं, "उद्या उपासाले मले आलूचे चिप्स पाह्यजेत. घरी नसन होत तं पवनीले जातो अन् कढईतले खातो. मेलो तं मेलो!"

ही नुसती धमकी नव्हती. कुंताबाईंचा चेहरा उतरला. रीना सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, उद्या दोन वाजेवरी थांबा. मी देतो करून."

शिवरात्रीला तिने किसणीवर बटाट्याच्या पातळ चकत्या पाडल्या, पाण्यात टाकल्या, फडक्यावर कोरड्या केल्या, चमचाभर तेल आणि सैंधव मीठ चोळलं. यंत्र सुरू झालं आणि आत खडखडाट! आतल्या वाऱ्याने चकत्या उडाल्या, वरच्या तापलेल्या तारेला चिकटल्या आणि जळाल्या. धूर गोठ्यापर्यंत आला. दुसऱ्या वेळी तिने चकत्यांचा थर दाबून भरला, तर वरून कोळसा आणि खाली कच्चं. आता एकाच घाण्यापुरते बटाटे उरले होते. केशवरावांनी टोपी घातली आणि ते बस धरायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

रीनाचे डोळे भरून आले. कुंताबाईंनी यंत्राला कान लावला.

"अव माय! ह्याच्यात तं वारा सुटला वो!" त्या ओरडल्या. "वारा सुटला तं पापडाईवर का ठेवतो आपुन? जाळी!"

आणि त्या धावत गोठ्यात आल्या. पोतं उलटं झालं. मी उजेडात! चिंच आणि राख लावून त्यांनी मला असं घासलं की मी बाजारातल्या दिवसासारखी लखलखले. रीनाने मला यंत्राच्या भांड्यात ठेवून पाहिलं. दांडा असता तर भांडं आत सरकलंच नसतं, मित्रांनो! मी अगदी नेमकी बसले. खाली चकत्या, वर मी. वारा आला. अरे, ये की! निखाऱ्यावर आयुष्य काढलेल्या जाळीला तू काय भिववणार? एकही चकती मी हलू दिली नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, पण रीनाने दहादा तरी सांगितलं असेल. ती ताटली घेऊन रस्त्यावर पळाली. बस थांबली होती आणि केशवरावांचा एक पाय पायरीवर होता. तिने एक चिप्स त्यांच्या तोंडातच घातला. कुर्रर्र! कंडक्टर म्हणाला, "काका, चढता का?" काका ताटलीत हात घालत म्हणाले, "जा बाप्पा तू!"

घरी येऊन त्यांनी मला पाहिलं, उलटसुलट केलं. "हे तं मीच तोडलो होतो," ते म्हणाले आणि दांडा तुटलेल्या जागी त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन त्यांनी मला धरायला तारेच्या दोन कड्या बसवल्या. ऑपरेशननंतर त्यांनी हातात घेतलेलं हे पहिलं काम.

आज भंगारवाला आला. पोतं उचलताना त्याची नजर ओट्यावर गेली. "काका, ते मोडकी जाळी बी द्याची का?"

"थे जाळी नोहे गा," केशवराव म्हणाले. "मायी डाक्टरीन हाये थे!"

मित्रांनो, दांडा तुटला तरी जाळी शाबूत असते. म्हणून तुमच्या गोठ्यात एखादं पोतं पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ते एकदा उलटं करून पाहा. आणि गोठ्यात कुणी एकटं बसलं असेल, तर त्यालाही घरात बोलवा. काही काम सांगा त्याला.