आगबोटीची थरथर

त्र्यंबकरावांची आगबोट खाडीत कोलशेतच्या मिठागरासमोर दिसायच्या आधी तिची थरथर ऐकू यायची. विश्राम मिस्त्री हातातलं फावडं थांबवून ऐके आणि दातओठ खाई. का खाणार नाही? त्या थरथरीचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रावांनी ठाण्याच्या बंदरावर ही हौसेची बोट बांधली, तेव्हा इंजिन बसवायला विश्रामलाच बोलावलं. तो हात जोडून म्हणाला होता, "रावसाहेब, नवं लाकूड पान्यात फुगतं. बोट आठ दिस पान्यात ऱ्हाऊ द्या, मंग इंजिन बसवू." पण जोशीबुवांनी पहिल्या फेरीचा मुहूर्त दोनच दिवसांवर काढलेला, आणि बोट तर अजून किनाऱ्यावर! मुहूर्तापुढे मिस्त्रीची काय मातबरी? इंजिन कोरड्यातच आवळावं लागलं. बोट पाण्यात गेली, लाकूड फुगलं, इंजिन आणि पाण्याखालच्या पंख्याचा दांडा एका रेषेत राहिले नाहीत, आणि बोट हीव भरल्यासारखी कापू लागली. "याच्या हाती खुरपंसुद्धा देऊ नका!" त्र्यंबकराव भर बंदरात ओरडले. तेव्हापासून विश्रामला कुणी यंत्राला हात लावू दिला नाही. त्याची बायको हौसाबाई मिठाच्या पाट्या वाहू लागली. तिच्या पायांच्या भेगा तो रोज बघत होता.

मागून आलेल्या मिस्त्र्यांनी पंखा बदलला, बोल्ट पिळून पिळून आवळले. बोट पाण्यात असताना इंजिन आणि दांड्याचा जोड सोडून दोन्ही तोंडं जुळतात का, एवढं बघायचं एकालाही सुचलं नाही. विश्रामला सगळं ठाऊक होतं. पण तो कशाला सांगतोय!

आणि आज दुपारी, एका गोऱ्या साहेबाला कल्याणला मेजवानीला नेताना, कोलशेतसमोरच काडकन आवाज झाला. जोडाचे बोल्ट तुटले. बोट हाकेच्या अंतरावर थांबली. ओहोटी लागली होती, पाणी भराभर उतरत होतं.

"विश्राम! अरे, होडी घेऊन ये! चार बोल्ट घालून दे!" त्र्यंबकराव ओरडले.

"आधी सांगा, चूक कुनाची?"

मिठागरावरची माणसं बांधावर जमली. रावांनी साहेबाकडे पाहिलं. "विश्राम मिस्त्री, चूक माझी!"

विश्रामने कानामागे हात धरला. "वाऱ्यानं ऐकू नाय आलं!"

राव पुन्हा ओरडले. विश्रामने पुन्हा मान हलवली. शेवटी राव पगडी सावरत टपावर चढले आणि घसा फुटेस्तोवर किंचाळले, "चूक माझी होती! तुम्ही बरोबर होता, मिस्त्री!"

बांधावर हशा पिकला. हौसाबाईने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. विश्रामच्या काळजात दोन वर्षांनी गारवा पडला. बोटीचा तळ गाळात रुतलेला त्याने डोळे भरून पाहून घेतला, मग सावकाश ओरडला,

"पयल्याच हाकेला ऐकलं व्हतं, रावसाहेब! बोल्ट आनतो, पन भरती आता दिवेलागनीला!"