तायपेहून आलेलं पत्र

"आता याचा अर्थ सांग," शाळेच्या बाई बू एंदांगनी हातांच्या खुणांनी विचारलं, तर रेत्नोने ओळीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं.

समोर तिची आई सुमार्नी बसली होती. सहा वर्षं तायपेत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं हगणंमुतणं काढून ती मागच्याच आठवड्यात जावातल्या पोनोरोगोला परतली होती. जन्मापासून बहिरी असलेली लेक आता सोळाची झाली होती. शाळेच्या बाईंनी वाचनाबद्दल बोलावलंय म्हटल्यावर सुमार्नी ठेवणीतले कपडे घालून, कौतुक ऐकायलाच आली होती. सोबत आपलंच एक जुनं पत्र आणलं होतं. लेकीने सगळी पत्रं जपून ठेवली होती.

"घडाघडा वाचते की हो," ती म्हणाली.

"नुसतं उच्चारते, बू," बाई म्हणाल्या. आईला काय, बाईंना काय, तिकडे बूच म्हणतात. "जीभ कुठं लावायची, ओठ कसे हलवायचे, एवढंच आम्ही शिकवत बसलो. अर्थ सात वर्षांच्या पोराइतकाही लागत नाही. पोरीचा दोष नाही, आमचाय. आई, घर, जेवण असे शब्द ओळखते आणि मधलं मनानं भरते."

रेत्नोने खुणा केल्या. बाईंनी सांगितलं, "म्हणते, आई बरी आहे, लवकर घरी येईल, पोटभर जेव."

पत्रात यातलं काहीच नव्हतं.

त्या गावात परदेशी निघालेली बाई पोराला सांगून जात नाही. रडारड नको म्हणून त्याला शाळेत धाडायचं आणि मागून निघायचं. संध्याकाळी आजी समजूत घालते. सुमार्नीही तशीच गेली. पण बहिऱ्या पोरीची समजूत आजीने कशी घालायची, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षं ते मनाला खात राहिलं, तेव्हा तिने हे पत्र लिहिलं: तुझ्या शाळेसाठी, तुझ्या कानातल्या यंत्रासाठी आले, तुला टाकून नाही, मला माफ कर. उत्तर आलं होतं, 'हो, आई.' त्या दोन शब्दांवर तिने पुढची चार वर्षं काढली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली.

"बू, मी बोलते. तुम्ही तिला खुणांनी सांगाल?"

जे एकटीने बसून लिहिलं होतं, ते परक्या बाईसमोर बोलताना तिची जीभ अडखळत होती. बाईंचे हात चालत होते. रेत्नो आईकडे न बघता त्या हातांकडे बघत होती. सांगून संपलं. मग तिने हळूच काहीतरी विचारलं.



"काय म्हणते?"

"विचारते, म्हणजे तुम्ही गेलात ते त्या सकाळी तिच्या हातून वाडगा फुटला म्हणून नव्हे?"

सुमार्नीने खूप आठवून पाहिलं. वाडगा फुटल्याचं तिला आठवतच नव्हतं.